पंगतीतला शेजारी : ख्रिस्ती परंपरेतील मद्य आणि संयम

इंग्रजीतील 'टेम्परन्स' या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द देता येत नाही. ग्रीक तत्त्वचिंतनाच्या संदर्भात तो आला की आपण 'मिताचार' किंवा 'संयम' म्हणतो. एकोणिसाव्या शतकातील 'टेम्परन्स' चळवळीचा उल्लेख आला की त्याच शब्दासाठी 'मद्यपाननिषेध' लिहितो. पहिल्या अर्थाने टेम्परन्स पाळणारा मनुष्य प्याला मोजून घेतो. दुसऱ्या अर्थाने तो पाळणारा प्याल्याला शिवतच नाही. एकाच शब्दाच्या पोटी हे दोन अर्थ कसे आले, हा प्रश्न कोशकारांपुरता मर्यादित नाही. या अर्थांतरामागे ख्रिस्ती समाजाने मद्याविषयी, आणि विशेषेकरून चारचौघांत बसून घेतल्या जाणाऱ्या मद्याविषयी, जवळजवळ दोन हजार वर्षे चालवलेला एक वाद आहे.

या शब्दाचे मूळ असलेल्या लॅटिन 'तेम्पेरारे' या क्रियापदाचा एक अर्थ 'योग्य प्रमाणात मिसळणे' असा आहे. ग्रीक आणि रोमन लोक वाइन पाणी घालून पीत. निव्वळ वाइन पिणे हे असंस्कृतपणाचे लक्षण मानले जाई. तेव्हा प्रमाण, मिश्रण, माप या कल्पना या शब्दाला जन्मतःच चिकटलेल्या आहेत. त्यामुळे या विषयाचा इतिहास लिहिताना 'किती प्यावे?' हाच मध्यवर्ती प्रश्न धरण्याची प्रथा पडली. मला असे वाटते, की ख्रिस्ती विचारातील निर्णायक प्रश्न पहिल्यापासून निराळा होता. तो प्याल्यातल्या मापाचा नव्हता, पंगतीला शेजारी कोण बसले आहे याचा होता. हा प्रश्न जागा होता तोवर मोजून पिणे आणि अजिबात न पिणे या दोन्ही मार्गांना नैतिक अर्थ होता. तो विसरला गेला तेव्हा दोन्ही मार्ग बिघडले. प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी करावयाची आहे.

शुभवर्तमानांत दोन आदर्श शेजारी शेजारी उभे आहेत. बाप्तिस्मा देणारा योहान अरण्यात राहतो आणि मद्याला स्पर्श करीत नाही. येशू मात्र लोकांच्या पंगतीला बसतो, जकातदारांच्या घरी जेवतो, आणि 'खादाड व दारूबाज' अशी निंदा ओढवून घेतो. मत्तय आणि लूक या दोघांनीही ही निंदा नोंदवून ठेवली आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील कानाच्या लग्नात द्राक्षारस संपतो, तेव्हा येशू सहा दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस करतो. त्या रांजणांची जी मापे तेथे दिली आहेत त्यांवरून प्रत्येकी सुमारे ८० ते १२० लिटर असा हिशेब निघतो. ही कथा मापाची नाही, यजमानाची लाज राखण्याची आहे. पाहुण्यांपुढे एका घराची मान खाली जाऊ नये एवढीच तिची निकड आहे.

येथे भाषांतराविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मराठी बायबलने वाइनसाठी 'द्राक्षारस' हा शब्द रूढ केला. शब्दशः घेतला तर तो द्राक्षांचा रस. त्यात आंबवण्याचा उल्लेख नाही. त्यामुळे पौल इफिसकरांना द्राक्षारसाने मस्त होऊ नये असे सांगतो तेथे नवखा मराठी वाचक क्षणभर अडखळतो. रसाने कोणी मस्त कसे होईल? गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात मोझेस स्टुअर्टसारख्या अमेरिकी बायबल-अभ्यासकांनी, ग्रंथात जेथे वाइनची स्तुती आहे तेथे न आंबवलेला रस अभिप्रेत आहे, असा सिद्धान्त मांडला. मूळ ग्रीक 'ओइनोस' या शब्दाला तो पेलत नाही, हे बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले आहे. मराठीत मात्र प्रतिशब्दाच्या निवडीमुळे हा वाद उद्भवण्यापूर्वीच धूसर झाला.

पौलाची दोन पत्रे या संपूर्ण परंपरेचा पाया आहेत. पहिले करिंथकरांस लिहिलेले, साधारणपणे इ. स. ५४-५५च्या सुमाराचे. करिंथ हे बंदराचे शहर; ज्यूलियस सीझरने इ. स. पू. ४४मध्ये ते पुन्हा वसवले होते. तेथील ख्रिस्ती मंडळी कोणा सधन सदस्याच्या घरी जमत आणि प्रभुभोजन हे खरोखरीचे जेवण असे. पौलाची तक्रार अशी, की तेथे एक जण उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो. जर्मन अभ्यासक गेर्ड थायसन याने १९७०च्या दशकात या उताऱ्याचे सामाजिक वाचन केले आणि ते आज बरेचसे स्वीकारले गेले आहे. सधन लोक लवकर येत, आपले चांगले खाणेपिणे उरकत. दिवसभराच्या कामानंतर पोहोचणाऱ्या गरिबांच्या वाट्याला उरलेसुरले येई. म्हणजे पौलाने दारू पिण्याचा दोष उपासमारीच्या दोषाशी एका वाक्यात जोडला आहे. पिणाऱ्याचा अपराध शरीराशी नंतर, पंगतीशी आधी आहे.

दुसरे पत्र रोमकरांस लिहिलेले. त्याच्या १४व्या अध्यायात पौल म्हणतो त्याचा आशय असा : सर्व अन्न शुद्ध आहे, परंतु ज्याने आपल्या भावाला ठेच लागेल असे मांस खाऊ नये, मद्यही पिऊ नये. हा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. मद्य अशुद्ध आहे म्हणून सोडा, असे पौल म्हणत नाही. तुमचे स्वातंत्र्य खरे आहे हे तो आधी मान्य करतो आणि मग ते स्वातंत्र्य शेजाऱ्यासाठी स्वखुशीने बाजूला ठेवायला सांगतो. याच पौलाच्या नावावरील तीमथ्याच्या पत्रात पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्लाही आहे. पुढील काळातील मिताचारवाद्यांनी तीमथ्याचा आधार घेतला आणि वर्जनवाद्यांनी रोमकरांचा. दोघांनाही आधार एकाच लेखणीतून मिळाला.

दुसऱ्या शतकात एक टोकाचा प्रवाह निघाला. मद्य, मांस आणि विवाह या तिन्हींचा त्याग करणाऱ्या काही गटांना 'एन्क्रातीत' म्हणत. हे नाव ज्या 'एन्क्रातेइआ' या शब्दावरून पडले, तोच शब्द पौलाने गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांच्या यादीत शेवटी घातला आहे आणि मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'इंद्रियदमन' ही योजना आहे. या गटांत प्रभुभोजनाच्या प्याल्यातही नुसते पाणीच घेत. चर्चने त्यांना पाखंडी ठरवले. सद्गुणाच्या नावाचाच पंथ पाखंडी ठरावा, हा इतिहासातील एक विरोधाभास खरा. पण त्याचे कारण स्पष्ट आहे. द्राक्षवेल ईश्वराने निर्माण केली असेल तर तिचे फळ स्वभावतः दुष्ट असू शकत नाही. मद्य न पिणे हा अपराध नव्हता. मद्य हीच दुष्ट वस्तू आहे, असे शिकवणे हा अपराध होता.

कार्थेजचा बिशप सिप्रियन याने सुमारे २५३ साली लिहिलेल्या एका पत्रात हाच प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. आफ्रिकेतील काही ठिकाणी सकाळच्या उपासनेत प्याल्यात केवळ पाणी घेऊ लागले होते. भीती अशी, की तोंडाला सकाळीच मद्याचा वास आला तर छळाच्या त्या दिवसांत आपण ख्रिस्ती असल्याचे उघड होईल. सिप्रियनने हे नाकारले. त्याच्या मते प्याल्यातील मद्य हा ख्रिस्त आणि पाणी हा जनसमुदाय. दोन्ही मिसळलेच पाहिजेत. 'तेम्पेरारे'तील मिसळण्याची कल्पना येथे समाजाच्या एकत्वाची प्रतिमा होऊन येते.

सामाजिक बैठकीतील वर्तनाचे पहिले सविस्तर ख्रिस्ती मार्गदर्शन मात्र अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटचे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'पेदागोगस' या ग्रंथात त्याने मद्यपानाला एक स्वतंत्र प्रकरण दिले. मद्यापासून दूर पळणाऱ्या कठोर व्रतस्थांचे तो कौतुक करतो. तरुण मुलामुलींनी ते टाळावे, प्रौढांनी संध्याकाळच्या जेवणाबरोबर थोडे घ्यावे, वृद्धांना थोडी अधिक मोकळीक असावी, अशी त्याची श्रेणी आहे. घटाघटा पिऊ नये, तोंड वेडेवाकडे करू नये, हनुवटीवर आणि कपड्यांवर सांडू नये, दूरदूरच्या बेटांवरील किमती मद्यांचा हव्यास धरू नये, असे बारीकसारीक नियम तो सांगतो. त्याचा वाचक शहरी, सधन, मेजवान्यांना जाणारा होता. ख्रिस्ती झाल्यावर मित्रांच्या घरी जेवायला जाणे सोडावे काय, या त्या वाचकाच्या अडचणीला क्लेमेंटचे उत्तर 'जावे, परंतु भान ठेवावे' असे आहे. यातील उणीव अशी, की या मार्गदर्शनात शिष्टाचार अधिक आणि शेजारी कमी आहे. करिंथच्या पंगतीतला उपाशी मनुष्य येथे फारसा दिसत नाही.

चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तमने तो पुन्हा समोर आणला. अँटिओक येथे ३८७ साली दिलेल्या प्रवचनमालेचा आरंभच त्याने तीमथ्याला दिलेल्या थोड्या मद्याच्या सल्ल्यापासून केला. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत, मद्यच नसते तर बरे झाले असते, असे म्हणणाऱ्यांना तो सुनावतो : खुनी लोक आहेत म्हणून लोखंडच नसावे असे म्हणणार काय? वस्तूचा आणि तिच्या दुरुपयोगाचा भेद त्याने इतक्या ठामपणे मांडला, की पुढची हजारएक वर्षे तो पाठ्यपुस्तकासारखा उद्धृत होत राहिला.

ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'मध्ये (सुमारे ३९७ ते ४००) त्याची आई मोनिका हिच्याविषयीचे दोन प्रसंग आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते एकत्र वाचावेत. लहानपणी मोनिकाला पिंपातून मद्य काढून आणण्यासाठी तळघरात पाठवीत. खोडकरपणे ती आधी ओठ ओले करी. मग घोट घोट वाढत जाऊन जवळजवळ भरलेला पेला ती पिऊ लागली. एके दिवशी भांडणात दासीने तिला 'दारूडी' म्हटले. तो शब्द मोनिकाला झोंबला आणि सवय सुटली. ऑगस्टीनचा भर असा, की दासीला मालकिणीची सुधारणा करायची नव्हती, तिला फक्त टोचायचे होते. तरी त्यातून भले झाले. दुसरा प्रसंग मिलानमधील. आफ्रिकेतील प्रथेप्रमाणे मोनिका हुतात्म्यांच्या स्मारकांवर अन्न आणि मद्य घेऊन जाई. अनेक ठिकाणी जायचे असले तरी पाणी घातलेल्या मद्याचा एकच छोटा पेला सगळीकडे पुरवी. बिशप अँब्रोजने ही प्रथा बंद केल्याचे कळताच तिने ती सोडली. तिच्या स्वतःच्या पिण्यात तेव्हा दोष नव्हता. त्या निमित्ताने इतरांना झिंगण्याची संधी मिळू नये, हे मनाईचे एक कारण होते आणि तिने ते आपले मानले. पहिल्या प्रसंगात संयम लाजेतून येतो, दुसऱ्यात इतरांच्या विचारातून. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय येथे एका वृद्ध स्त्रीच्या कृतीत उतरलेला दिसतो.

मठांच्या व्यवस्थेत मापाला मोठे स्थान मिळाले. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमाच्या ४०व्या अध्यायात प्रत्येकाला दिवसाला एक 'हेमिना', म्हणजे आजच्या हिशेबाने पाव ते अर्धा लिटर, वाइन ठरवून दिली आहे. बेनेडिक्ट हे कचरतच लिहितो. मद्य संन्याशांसाठी नव्हे हे खरे, पण आजच्या संन्याशांना ते पटवता येत नाही, तेव्हा निदान तृप्त होईपर्यंत पिऊ नये, असा त्याचा सूर आहे. आणि जेथे वाइन मिळतच नाही तेथील बंधूंनी कुरकुर करू नये, असे तो बजावतो. त्याच्या दृष्टीने मठाला मद्यापेक्षा कुरकुरीचा धोका अधिक होता.

मठाबाहेरच्या जगात प्रश्न निराळा होता, आणि त्याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे : आग्रह. मराठी घरांत आग्रह हा यजमानाचा गुण समजला जातो. पानात वाढलेले नको म्हणणे जड जाते. पहिल्या सहस्रकातील युरोपात हा आग्रह मद्याचा होता आणि तो मोडणे म्हणजे मैत्री मोडणे होते. आर्ल येथील बिशप सेझारियस (कार्यकाळ ५०२ ते ५४२) याच्या प्रवचनांत लोकांच्या सबबी जशाच्या तशा दिसतात : पाहुण्याला भरपूर पाजले नाही तर तो रागावेल, मोठ्या माणसाने पिण्याची सक्ती केली, राजाच्या मेजवानीत नाही कसे म्हणणार. सेझारियस या सबबी मान्य करीत नाही. त्याचा रोख पिणाऱ्याइतकाच पाजणाऱ्यावर आहे.

सातव्या शतकातील आयर्लंडमध्ये कुमिअनच्या नावाने प्रसिद्ध असलेली प्रायश्चित्तसंहिता हा विचार कायद्याच्या भाषेत मांडते. झिंगलेल्या व्रतस्थाला ४० दिवस पाणी-भाकरीचे प्रायश्चित्त, गृहस्थाला ७ दिवसांचे. मैत्रीच्या भरात दुसऱ्याला झिंगेपर्यंत पाजणाऱ्याला झिंगलेल्याइतकेच प्रायश्चित्त; आणि द्वेषाने पाजणाऱ्याचा न्याय खुन्यासारखा. दारूच्या नीतीचा इतका सूक्ष्म विचार करणारी दुसरी तरतूद माझ्या पाहण्यात नाही. पुढे १५४७ साली कॅल्विनच्या जिनिव्हाने आपल्या ग्रामीण मंडळ्यांसाठी जे नियम केले त्यांत दुसऱ्याला प्यायला बोलावणाऱ्याला ३ सू दंड ठेवला. पंथ बदलला, शतके उलटली, परंतु बोट यजमानाकडेच राहिले.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने या सर्वांची तात्त्विक मांडणी केली. 'सुम्मा'मध्ये तो म्हणतो, मद्य स्वतः निषिद्ध नाही. मात्र काही कारणांनी ते निषिद्ध ठरू शकते. पिणाऱ्याला ते सहज बाधत असेल, त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल, माप ओलांडले जात असेल, किंवा त्याच्या पिण्याने इतरांना ठेच लागत असेल. या यादीत माप हे अनेकांतील एक कारण आहे. पिणारा कोण आणि शेजारी कोण, यांना तितकेच वजन आहे. ही चौकट ध्यानात ठेवली तर पुढील शतकांतील उलथापालथ समजणे सोपे जाते.

ती उलथापालथ घडवली ऊर्ध्वपातनाने. क्लेमेंटपासून अक्वायनसपर्यंत सर्वांचा विचार वाइन आणि बिअर या आंबवलेल्या पेयांचा होता. सतराव्या-अठराव्या शतकांत गाळीव दारू स्वस्त आणि मुबलक झाली. लंडनमधील जिनचा हाहाकार १७५१ साली विल्यम होगार्थने दोन चित्रांत दाखवला. 'जिन लेन'मध्ये विनाश आहे, तर जोडचित्र 'बिअर स्ट्रीट'मध्ये आरोग्य आणि भरभराट. जॉन वेस्लीने १७४३ साली मेथडिस्ट मंडळ्यांसाठी केलेल्या नियमांत दारूडेपणा, तसेच गाळीव दारूची खरेदी, विक्री आणि सेवन यांना मनाई केली. अत्यंत निकडीचा अपवाद ठेवला. अमेरिकी डॉक्टर बेंजामिन रश याने १७८४ साली गाळीव दारूच्या दुष्परिणामांवर पुस्तिका लिहिली, तीतही बिअर आणि वाइनला तो अनुकूल होता. येथपर्यंत 'टेम्परन्स'चा अर्थ मिताचारच आहे.

अर्थ पालटला तो इंग्लंडमधील प्रेस्टन या गिरणगावात. १८३२ साली जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिअरसह सर्व मादक पेये सोडण्याची शपथ घेतली. कारण व्यावहारिक होते. केवळ गाळीव दारू सोडण्याच्या शपथेत श्रीमंताची वाइन शाबूत राही आणि गरिबाचा जिन तेवढा जाई. शिवाय सुधारलेला दारूडा बिअरच्या वाटेने पुन्हा गर्तेत जाई. त्याला वाचवायचे तर त्याच्या भोवतालच्या, न बिघडलेल्या माणसांनीही प्याला खाली ठेवला पाहिजे, असे या कामगारांना वाटले. म्हणजे संपूर्ण वर्जनाची चळवळ जन्मली तेव्हा तिच्या मुळाशी पौलाचाच युक्तिवाद होता. कॅथलिक परंपरेत याचे अधिक स्पष्ट रूप दिसते. जेम्स कलन या येशूसंघीय धर्मगुरूने १८९८ साली डब्लिनमध्ये 'पायोनियर' संघ स्थापन केला. त्याच्या सदस्यांनी मद्य वाईट आहे म्हणून ते सोडले नाही. इतरांच्या अतिरेकाबद्दल प्रायश्चित्त म्हणून एक चांगली वस्तू त्यांनी अर्पण केली.

अमेरिकेत या चळवळीला स्त्रियांनी निराळे वळण दिले. १८७३च्या डिसेंबरात ओहायोतील हिल्सबरो येथील स्त्रिया गुत्त्यांत शिरून गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंड येथे 'वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन' स्थापन झाली. १८७९पासून १८९८मध्ये मृत्यू होईपर्यंत तिचे अध्यक्षपद फ्रान्सिस विलर्डकडे होते. विवाहित स्त्रीचा स्वतःच्या मिळकतीवरचा हक्क त्या काळी अनेक राज्यांत नुकता कोठे मान्य होऊ लागला होता. नवऱ्याने मजुरी गुत्त्यात उडवली तर तिला दाद मागण्याची सोय फारशी नव्हती. गुत्त्यातल्या पंगतीला हजर नसलेली, पण तिचे बिल भरणारी ही शेजारीण होती. विलर्डने तिला मताधिकाराच्या मागणीपर्यंत नेले.

हा इतिहास मराठीत प्रथम सविस्तर आणला तो पंडिता रमाबाईंनी. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. विलर्ड आणि तिची संघटना यांच्याशी त्यांचा निकट संबंध आला. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या पुस्तकात स्त्रियांच्या स्थितीचे जे विवेचन आहे त्यात या संघटनेला बरीच जागा मिळाली आहे. त्या वेळच्या मराठी वाचकाच्या मनात ख्रिस्ती धर्म आणि दारू यांचे नाते घट्ट होते. धर्म बदलणे म्हणजे साहेबासारखे खाणेपिणे, अशी समजूत होती. त्या वाचकापुढे रमाबाईंनी दारूविरुद्ध लढणाऱ्या ख्रिस्ती स्त्रिया उभ्या केल्या. त्यांचे लक्ष मद्याच्या रसायनाकडे नव्हते, संघटित स्त्रीशक्तीकडे होते. मीरा कोसंबी यांनी २००३ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते प्रवासवर्णनापलीकडे जाऊन वाचले जाऊ लागले आहे. मराठी विभागांत मात्र ते अजूनही नेमलेल्या पुस्तकांच्या यादीबाहेरच बहुधा असते.

याच काळात चळवळीच्या दुबळ्या बाजूही दिसू लागल्या होत्या. न्यू जर्सीतील व्हाइनलंड येथे टॉमस वेल्च या मेथडिस्टाने १८६९ साली द्राक्षाचा रस उष्णता देऊन न आंबता टिकवण्याची युक्ती साधली. हेतू प्रभुभोजनात मद्याऐवजी रस वापरण्याचा होता. सुटलेल्या दारूड्याला वेदीपाशी पुन्हा ती चव लागू नये, हा विचार करुणेचाच आहे. पण त्यामागोमाग, येशूने मद्य घेतलेच नव्हते, हा दावा आला. सिप्रियनने नाकारलेले, एन्क्रातीतांनी शिकवलेले मत पुन्हा मागील दाराने आत शिरले. दोष आता वस्तूत शोधला जाऊ लागला आणि मग ती वस्तूच कायद्याने नाहीशी करणे ओघाने आले.

अमेरिकी राज्यघटनेची अठरावी दुरुस्ती १६ जानेवारी १९१९ रोजी संमत झाली, १७ जानेवारी १९२०पासून दारूबंदी अमलात आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी ती रद्द झाली. धार्मिक विधीतील वाइनला कायद्यात सूट होती. या तेरा-चौदा वर्षांची चोरटी दारू आणि गुन्हेगारी टोळ्या यांची कथा सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे, की या काळात 'शेजारी' या कल्पनेचा अर्थच उलटला. पौलाच्या पत्रात सबळाने दुर्बळासाठी स्वतःचा प्याला सोडायचा होता. येथे जुन्या वसाहतींतील प्रॉटेस्टंटांनी नव्याने आलेल्या आयरिश, जर्मन, इटालियन लोकांचा प्याला काढून घेतला. १९२०च्या दशकात कू क्लक्स क्लानसारखी द्वेषावर पोसलेली संघटना दारूबंदीची कैवारी झाली, यावरून या पालटाची कल्पना यावी.

अठरावी दुरुस्ती संमत झाली त्याच महिन्यात, २३ जानेवारी १९१९ रोजी, राम गणेश गडकरी वारले. 'एकच प्याला' त्याच वर्षी रंगभूमीवर आले. दोन घटनांत कार्यकारण संबंध नाही, आणि गडकऱ्यांचे नाटक ख्रिस्ती परंपरेतून आलेले नाही. तरीही प्रेस्टनच्या शपथेमागील तर्क, म्हणजे पहिल्या प्याल्यातच शेवटचा दडलेला असतो हा, त्या नाटकाचाही कणा आहे. सनद तात्पुरती गेल्याने अपमानित झालेल्या सुधाकरापुढे प्याला धरणारा तळीराम पाहिला की कुमिअनची ती तरतूद आठवते. आर्यमदिरामंडळाच्या बैठकीत झिंगलेले पुष्कळ आहेत. मैत्रीच्या भरात पाजणाऱ्याचा अपराध केवढा, हा प्रश्न तेथे विनोदाच्या आड उभा आहे. आणि सिंधूच्या वाट्याला आले तेच विलर्डच्या सभांतून बोलले जात होते.

दारूबंदी उठल्यावर दोन वर्षांनी, १९३५ साली, ओहायोतील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद भेटले. विल्सन नुकताच दारूतून सुटला होता आणि परगावच्या हॉटेलात त्याला बारमध्ये जाण्याची तीव्र ओढ लागली. आपण टिकायचे तर दुसऱ्या एखाद्या दारूड्याशी बोलले पाहिजे, हे त्याला उमगले. या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती चळवळीतून ती निघाली असली तरी कोणत्याही श्रद्धेच्या माणसाला तिने दार उघडे ठेवले. दारू सर्वांसाठी वाईट असे ती म्हणत नाही. ज्याला माप ठेवता येत नाही त्याने पहिला प्याला टाळावा, एवढेच म्हणते. ही अक्वायनसच्या यादीतील पहिली अट आहे. आणि तिची पद्धत शेजाऱ्यावरच उभी आहे. येथे मात्र दुर्बळच दुर्बळाला आधार देतो.

आज चर्चेसमध्ये एकमत नाही. अनेक मेथडिस्ट मंडळ्या प्रभुभोजनात रसच वापरतात. कॅथलिक चर्चला द्राक्षाची खरी वाइन लागते. परंतु व्यसनमुक्त झालेल्या धर्मगुरूला वाइनऐवजी 'मुस्तुम', म्हणजे जेमतेम आंबू लागलेला द्राक्षाचा रस, वापरण्याची परवानगी बिशप देऊ शकतो, असे रोमने २००३च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात मिताचाराच्या परिच्छेदातच, नशेत वाहन चालवून स्वतःच्या आणि इतरांच्या जिवाला धोका आणणाऱ्याचा दोष गंभीर मानला आहे. एक तरतूद प्याला उचलणाऱ्या दुर्बळाची, दुसरी रस्त्यावरील अनोळखी शेजाऱ्याची. दोहोंत प्रश्न एकच आहे.

आता आरंभीच्या शब्दाकडे वळू. 'मिताचार' म्हटले की माप येते, 'निषेध' म्हटले की वस्तू येते, 'इंद्रियदमन' म्हटले की एकटा साधक येतो. तिन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत. पण करिंथच्या पंगतीतला तो उशिरा पोहोचलेला, उपाशी मनुष्य या तिघांतही मावत नाही. वर्गात 'टेम्परन्स' शिकवताना आपण त्याला निदान शब्दाशेजारी उभे करावे. मग रमाबाईंचे पुस्तक आणि गडकऱ्यांचे नाटक यांतील स्त्रियांचे म्हणणेही विद्यार्थ्यांना अधिक स्पष्ट ऐकू येईल.